चांगला देखावा बघून सांगू

२१ मार्च, शुक्रवार

मुलांच्या दोन सीटांच्या मधे मला कोंबलं! माझं बूड काय एवढंसं आहे? डावीकडे फर्न, वय सात. उजवीकडे वायली, वय चार. आणि मधल्या फटीत त्यांची मीमॉ, म्हणजे आजी, म्हणजे मी. पुढे माझी लेक शेल्बी आणि जावई नोलन, पाय पसरून, राजाराणी.

शाळांना वसंताची सुट्टी लागली, म्हणून ही सहल. वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं बघायची, एका फेरीत चार. मी नोलनला म्हटलं होतं, अरे, मी जन्मापासून नीडल्समध्ये राहते. उन्हाळ्यात दाराची कडी धरली तर तळहाताला फोड येतो. वाळवंट बघायला पेट्रोल कशाला जाळतोस? दार उघड, हे बघ वाळवंट. तो म्हणाला, "तोही एक विचार आहे." तो मिनेसोटाचा. तिकडची माणसं नाही म्हणत नाहीत. "तोही एक विचार आहे" म्हणजे तुमचं झालं असेल तर गप्प बसा. आणि "हे वेगळंच आहे" म्हणजे घाण आहे. माझा मिरचीचा रस्सा आठ वर्षं वेगळाच आहे.

खाण्याच्या पेटीत काय? गाजरं. सोललेली, एकसारखी कापलेली गाजरं. मी पिशवीत तळलेल्या बोलोनीची, मांसाच्या चकत्यांची, सँडविचं आणली होती, ती पहिल्या वळणाआधीच संपली. पोरांनी तोंडं पुसली माझ्या बाहीला.

मग हे झालं. वायली खिडकीतून बघत होता. एकदम म्हणाला, "मीमॉ, डुलूथला काटे नसतात. बर्फ असतो."

फर्नने माझ्या पोटावरून हात लांब करून त्याला चापट मारली. "ते गुपित आहे ना," असं कुजबुजली. सात वर्षांच्या पोरीचं कुजबुजणं म्हणजे भोंगाच, पण पुढे रेडिओ चालू होता.

मी हळूच विचारलं, डुलूथला, बापाच्या गावाला, कोण जातंय रे? तो म्हणाला, "आपण. आजोबांच्या घरात. शाळा संपली की. कायमचे." थोडं थांबून म्हणाला, "तू नाही."

सरळ तोंडावर. माझ्यावर गेलाय पोरगा.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी बायकांच्या बाजूला गेले. भिंतीपलीकडे ही दोघं. शेल्बी म्हणत होती, आता तरी आईला सांग. आणि जावई काय म्हणतो! चांगला देखावा बघून सांगू. समोर एवढं मोठं काहीतरी असलं की माणसाला आपलं दुःख लहान वाटतं.

शेल्बी दवाखान्यात कामाला, नोलन शाळेत शिकवतो. मी सकाळी मोटेलच्या खोल्या साफ करते, आणि दुपारपासून ही पोरं माझी. दोघांनाही चालायला मी शिकवलं. ती जाण्याचं दुःख लहान वाटायला केवढा देखावा लागतो ते बघूच.

बोलले का मी? नाही. मी! मलाच नवल वाटतंय. पण डोक्यात एक पक्कं बसलंय — सांगितलंच नाही तर जाणार कसे? त्यांना सांगायला जागाच मिळू द्यायची नाही.

२२ मार्च, शनिवार

तंबूत झोपलो. म्हणजे पोरं झोपली, मी दगडावर पडून होते. वाऱ्याने तंबू असा फडफडत होता की कुणी अंगावर चादरी झटकतंय.

जोशुआ ट्री म्हणजे झाड आहे की कुणी अर्धवट केलेला झाडू आहे, देव जाणे. नोलन प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतो. दगड कसे झाले, पाली काय खातात, सगळं. संडासावरची पाटीसुद्धा वाचली, "झाकण बंद ठेवा." फर्नने विचारलं, का? तर त्यालाही कारण सांगितलं, पाच मिनिटं.

तो संडास! खाली खोल काळी विहीर. वायली म्हणाला, मी पडेन. बसायलाच तयार नाही. शेल्बीने गोडीत सांगितलं, नोलनने भोकाचं माप सांगितलं. शेवटी मी त्याला दोन्ही काखांत धरलं आणि म्हटलं, पडलास तर मी पण उडी मारीन, चल. बसला.

दुपारी मोठ्या खडकावर चढलो. समोर सगळं मोकळं, पार क्षितिजापर्यंत. देखावा! मी ओळखलंच. नोलनने टोपी काढली. घसा साफ केला. "ओलेटा, कधी कधी असं होतं की माणसाच्या आयुष्यात —" मी ओरडले, वायली, कड्याजवळ जाऊ नको! वायली माझ्याच मांडीवर बसला होता. पण नोलन धावला ना. कुठे ते त्यालाही कळलं नाही, पण धावला. परत आला तेव्हा टोपी घातलेली.

फर्नला इथे ज्युनियर रेंजरचा बिल्ला मिळाला. मुलांनी पुस्तिकेतली चित्रं भरायची, झाडं ओळखायची, मग उद्यानाचा रेंजर त्यांना उभं करून हात वर करायला लावतो आणि शपथ देतो. मी दगड उचलणार नाही, मी प्राण्यांना खायला घालणार नाही, मी जे शिकले ते इतरांना खरं खरं सांगेन. बाकीची पोरं हसत म्हणत होती. आमची फर्न लग्नाला उभी राहिल्यासारखी. नंतर मी एक शेंगदाणा खाली टाकला तर म्हणते, "मीमॉ, उचल. खारीला घातला तर मी शपथ मोडली असं होईल." ही बापावर गेलीय.

२३ मार्च, रविवार

दिवसभर गाडी, टूसॉनपर्यंत. वायली दोनदा ओकला. गाजरं.

२४ मार्च, सोमवार

आज हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. देव मला माफ करो.

इथे सवारो. हात वर केलेले उंच उंच निवडुंग, डोंगरभर उभे, जसं काही कुणीतरी बंदूक रोखलीय. सकाळची थंडी, पिवळी फुलं खाली सगळीकडे, पक्षी ओरडतायत. मला आवडलं. तसं मी बोलले नाही. मी एकदा आवडलं म्हटलं की नोलन लगेच घसा साफ करील.

तरी केलाच. वाटेवर वळण होतं, तिथून खाली सगळं खोरं दिसत होतं. शेल्बीने पोरांना पुढे नेलं. मी म्हटलं, मीपण येते, पण तिने असं बघितलं माझ्याकडे, माझ्याच डोळ्यांनी, की पाय थांबले. नोलनने टोपी काढली. म्हणाला, "ओलेटा, मी बरेच दिवस तुमच्याशी एका गोष्टीबद्दल —" आणि मला देखावा नीट दिसावा म्हणून सौजन्याने एक पाऊल मागे सरकला.

मागे चोया होता. त्या निवडुंगाला हात लावायची गरज नसते. जवळून गेलात तरी तुकडा तुटून अंगाला चिकटतो, आणि काट्यांना उलटे दात. लहान मुलाच्या मुठीएवढा गोळा जावयाच्या मागे लागला. बरोब्बर मागे.

तो ओरडला नाही. मिनेसोटाची माणसं ओरडत नाहीत. नुसतं डोळे मोठे करून म्हणाला, "बरं. हे वेगळंच आहे."

हाताने ओढायला निघाला होता. मी म्हटलं, हात लावशील तर हातालाही चिकटेल, वाक. वाळवंटात वाढलेली बाई कंगव्याशिवाय बाहेर पडत नाही. कंगवा गोळ्याखाली सरकवला आणि फाटकन उडवला. राहिलेले काटे भुवयांच्या चिमट्याने काढले. एक जर्मन म्हातारं जोडपं वाटेने चाललं होतं, ते थांबलं, त्याने फोटो काढला. नोलन वाकलेल्या अवस्थेतच त्यांना म्हणाला, सुप्रभात.

मी त्याच्या चड्डीतले काटे वेचत होते आणि तो गुडघे धरून वाकलेला.  मग म्हणाला, "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?" सहजच म्हणाला. माझा चिमटा तेवढ्यापुरता थांबला.

हो ना, काय होईल? डुलूथला चोया नसतात म्हणा.

२५ मार्च, मंगळवार

नोलन उशीवर बसून गाडी चालवतो.

लास क्रूसेसला मोटेल. आत गेल्या गेल्या मी पलंगपोस उचलून बघितला. चादरीचे कोपरे नुसते खुपसलेले! सगळं काढून परत घातलं. शेल्बी म्हणाली, "आई, तू सुट्टीवर आहेस." मी म्हटलं, कोपरे सुट्टीवर नाहीत. मग न्हाणीघरही पुसलं, माझ्या पिशवीत ब्लीच असतंच. हे बुधवारी सकाळी जोडतेय: निघताना टॉवेलांची चळत करून ठेवली, खाली पाच डॉलर ठेवले. सफाईची बाई दारात भेटली, ग्वातेमालाची, माझ्याहून लहान. खोली बघून घाबरली. तिला वाटलं, आम्ही झोपलोच नाही. तिने शेल्बीला विचारलं, सगळं ठीक आहे ना.

२६ मार्च, बुधवार

व्हाइट सँड्स. पांढरी शुभ्र वाळू, टेकड्याच्या टेकड्या, जिथवर नजर जाईल तिथवर. डोळे मिटले तरी पांढरं दिसतं. वायली म्हणाला, हा बर्फ आहे. फर्न म्हणाली, नाही, हे जिप्सम आहे. वायली म्हणाला, डुलूथला पण असंच — आणि फर्नने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी आकाशाकडे बघत राहिले, जसं काही मी बहिरी.

इथे प्लॅस्टिकच्या थाळ्या विकत घेतात, त्यांना खालून मेण घासतात आणि त्यावर बसून टेकडीवरून घसरतात. पोरांनी वीसेक वेळा केलं. मी वर बसून होते, बूट काढून. वाळू पायाला गार लागते, आपल्याकडच्यासारखी भाजत नाही.

आज शेल्बी आली. मी नोलनवर नजर ठेवून होते, आणि ही आली मागून. शेजारी बसली. माझा हात हातात घेतला! आमच्यात हात हातात घेत नाहीत. आमच्यात एकमेकींची भांडी घासून देतात. 

म्हणाली, "आई, ऐक. उठू नको. तुला एक सांगायचंय."

मी उठले नाही. शेजारी फर्नची थाळी पडली होती. बसल्या बसल्या तिच्यावर सरकले आणि ढकललं.

आईशप्पथ! एवढा वेग मी गाडीतही घेत नाही. वारा तोंडात, वाळू दातांत, आणि मागून शेल्बीची हाक लांब लांब जातेय. खाली एक कुटुंब छत्रीखाली जेवत होतं, एल पासोचं. मी सरळ त्यांच्या चटईवर. पायाने एक बाटली आडवी केली. त्यांची आजी माझ्याहून जाड, खुर्चीत बसलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक तामाल हातात दिला. गरम गरम, मक्याच्या पानात उकडलेला, पोर्कचा. काही विचारलं नाही.

तासभर बसले तिथेच. तिला इंग्लिश थोडं, मला स्पॅनिश मोटेलपुरतं. तिने टेकडीवर हात हलवणाऱ्या शेल्बीकडे बोट करून विचारलं, मुलगी का? मी म्हटलं, हो. लांब चाललीय. ती म्हणाली, तिचे तिघे — शिकागो, डॅलस, आणि एक तर कुठे ते तिला सांगता येईना. मग माझ्या हातात दुसरा तामाल दिला.

वर परत चढताना अर्ध्यावर बसावं लागलं. शेल्बी वरून बघत होती, कमरेवर हात. म्हणाली, "तुला ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "आई." मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही, तोंडात वाळू गेलीय, पाणी दे.

२७ मार्च, गुरुवार

झालं. कळलं सगळ्यांना. त्या टोपीवाल्या रेंजरलासुद्धा.

सकाळपासून गाडी, मग दुपारी पेट्रिफाइड फॉरेस्ट. जंगल म्हणून बघायला गेलो तर झाडं आडवी, आणि दगडाची! लाकडाचा दगड झालाय, आत लाल जांभळे रंग. नोलनने पाट्या वाचल्या. इथून एक खडासुद्धा उचलायचा नाही, म्हणून फर्नने भावाचे खिसे दर दहा पावलांवर तपासले. उद्यानातून निघताना आमच्या बुटांतलीही वाळू झटकायला लावली.

त्याआधी माहिती केंद्रात फर्नचा चौथा बिल्ला. इथला रेंजर म्हातारा, पांढऱ्या मिशा, कामात रस असलेला. पुस्तिका बघितली, बिल्ला हातात धरला, शपथ दिली. मी जे शिकले ते इतरांना खरं खरं सांगेन, हे फर्न सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. आतली माणसं कौतुकाने बघायला लागली. मग तो खाली वाकून म्हणाला, "आता सांग बरं, या सहलीत तू काय काय शिकलीस?"

फर्नने आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे.  मला वाटलं विसरली. नोलन मागून हळूच म्हणाला, सिलिका, बाळा, सिलिका.

फर्न म्हणाली, "आम्ही डुलूथला राहायला चाललोय आणि मीमॉला ठाऊक नाहीये आणि बाबा घाबरतात."

आणि रडायला लागली. हात अजून वरच.

 पोस्टकार्डं बघणारी माणसं पोस्टकार्डंच बघत राहिली. रेंजर बिल्ला धरून उभा, लावू की नको. त्याला बिचाऱ्याला कोण शिकवणार असल्या वेळी काय करायचं.

मी पुढे झाले. म्हटलं, लाव तिला. खरं बोललीय. आणि फर्नला म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे ग, नाक पूस.

वायली म्हणाला, "मी सांगितलं होतं." अभिमानाने.

बाहेर आलो. नोलनचं तोंड त्या लाकडासारखं लाल. देखावा होता समोर, भलामोठा, रंगीत पट्ट्यांच्या टेकड्या, पण कुणी बघत नव्हतं. तो म्हणाला, तिथल्या शाळेत विज्ञानाचा विभाग त्याच्याकडे देतायत. त्याच्या वडिलांचं घर रिकामं पडलंय. आणि मग टोपी फिरवत फिरवत, "आम्ही विचार करत होतो, म्हणजे तुम्हाला त्रास होणार नसेल तर, अगदी तुमच्या सोयीने, तुम्हीपण आलात तर घराला बरं वाटेल."

घराला!

मी म्हटलं, नाही.

एवढंच. मग गाडीत दोन सीटांच्या मधे जाऊन बसले. सात वर्षांच्या पोरीला आधी सांगतात, आणि मला शेवटी, जशी उरलेली भाजी वाढतात तशी! घराला बरं वाटेल म्हणे. मी काय घराला लावायचा पडदा आहे? आणि तिथे जाऊन मी करू काय? बर्फ पुसू?

होलब्रुकचं मोटेल. चादरीचे कोपरे ठीक होते. त्याचाही राग आला.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी शेल्बी कपडे धुवायच्या खोलीत आली. मी पोरांचे कपडे यंत्रात टाकत होते. तिने दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली, म्हणजे मी जाऊ नये. तिथे घसरायला काही नव्हतं.

म्हणाली, "आठ वर्षं मी त्याचं बोलणं तुला उलगडून सांगतेय आणि तुझं बोलणं त्याला. मी दमलेय."

मी म्हटलं, मी तर सरळ बोलते, माझं काय उलगडायचं? ती म्हणाली, "तू नाही म्हणतेस तेव्हा तो आत जाऊन बसतो. मी सांगते, ती रागावलीय, ते नाही नव्हे. तो म्हणतो, नाही म्हणाल्या."

मग विचारलं, नाताळात तो काय म्हणाला होता तुला? मी म्हटलं, मला काय ठाऊक, तो सारखंच काहीतरी म्हणत असतो. ती म्हणाली, "आठव. तळघराबद्दल."

आठवलं. जेवताना म्हणाला होता, डुलूथच्या घराच्या तळघरात एक खोली आहे. कोरडी आहे. उबदार आहे. नुसतीच पडून आहे.

आणि मी काय म्हटलं होतं? म्हटलं होतं, मग बटाटे ठेवा.

शेल्बी म्हणाली, "तो तुला बोलावत होता, आई. आठवडाभर त्याने ते वाक्य जमवलं होतं. आणि तू बटाटे म्हणालीस."

मी यंत्रात साबण दोनदा टाकला. अरे, बोलावायचं असलं तर ये म्हणावं ना माणसाने! खोली कोरडी आहे हे काय आमंत्रण झालं? शेल्बी म्हणाली, त्यांच्याकडे हेच आमंत्रण. आणि पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं असतं. लगेच हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. यजमानाने तिसऱ्यांदा विचारायचं, आणि तिसऱ्यांदा जे म्हणतो ते खरं. नोलनच्या आईकडे पहिल्यांदा जेवायला गेली तेव्हा शेल्बीला कॉफी विचारली, ती लगेच हो म्हणाली, तर सगळे तिच्याकडे बघत राहिले.

मी विचारलं, मग बटाटे धरून किती वेळा झालं? तिला हसू आलं. म्हणाली, "बटाटे कशातच धरत नाहीत."

दुपारी विन्स्लोला जेवायला थांबलो. ॲपल पाय मागवला, सफरचंद भरलेला. शेवटचा तुकडा राहिला, आणि मिनेसोटात शेवटचा घास कुणी घेत नाही. नोलनने त्यातला अर्धा घेतला, अर्धा ठेवला. मग शेल्बीने, आता तीही शिकलीय, त्याच्या अर्ध्याचा अर्धा. मग परत नोलन. ताटलीत नखाएवढा तुकडा, आणि दोघं छताकडे बघतायत. फर्नने काटा उचलला आणि त्याचाही अर्धा केला. मी तो सगळा तोंडात टाकला. तर नोलनच्या चेहऱ्यावर काय ते समाधान! जसं मी त्याचं ओझं उतरवलं.

तेवढ्यात त्याने विचारलं. मुलं कागदावर रंगवत होती. टोपी मांडीवर. म्हणाला, "ओलेटा, त्या खोलीबद्दल. परत एकदा विचार करून बघितलात तर हरकत नसेल ना?"

दुसऱ्यांदा! मी मनात मोजलं. पद्धतीप्रमाणे आता नको म्हणायचं होतं. म्हटलं, नाही. जरा हळू म्हटलं.

मग तिसऱ्याची वाट बघत बसले. फ्लॅगस्टाफला सालीला भेगा पडलेले मोठमोठे पाइन, डोंगरावर बर्फ. वायलीने दाखवला, बघ मीमॉ, तसाच. मी नीट बघितला. लांबून काही वाईट दिसत नव्हता. सेलिग्मनला थांबलो, नोलनने माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी दारात थांबले. जरा जास्तच थांबले. मागे लोक खोळंबले. तो म्हणाला, "पायरी आहे, बघून."

किंगमनला पेट्रोल भरताना मी खाली उतरून त्याच्या शेजारी उभी राहिले. काही कारण नसताना. म्हटलं, वारा सुटलाय. म्हणाला, हो. म्हटलं, तुझं मागचं दुखणं कसंय? म्हणाला, बरं आहे. मग नळी परत अडकवली, हात पुसले, आणि घसा साफ केला. माझा जीव कानात आला.

म्हणाला, "ओलेटा, मी तुम्हाला परत विचारणार नाही. माझ्याकडची सवय तुमच्यावर लादणं बरं नाही. तुम्ही सरळ बोलता. तुमचं नाही म्हणजे नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकायला हवं होतं. मला तुमचा मान ठेवायचाय."

आता बोला! आठ वर्षांत हा माणूस एकदा सरळ बोलला, आणि तोही आजच!

मी काय करायला हवं होतं? तिथेच सांगायचं, अरे गाढवा, मी तुझ्या पद्धतीने नाही म्हणत होते. पण माझी जीभ, जिने नीडल्समधल्या निम्म्या लोकांशी भांडण केलंय, ती टाळूला चिकटली. म्हटलं, बरं. आणि जाऊन माझ्या फटीत बसले.

घरापर्यंत दोन्ही पोरं माझ्या दोन्ही खांद्यांवर झोपली. हात बधिर झाले. हलवले नाहीत.

नीडल्सला उतरलो तेव्हा गरम वारा अंगावर आला. घर उघडलं. स्वच्छच होतं. बसले थोडा वेळ. पसारा करणारं कुणी नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

सकाळीच त्यांच्याकडे गेले, गाडी रिकामी करायला. नोलन टपावरून तंबू काढत होता. मी वर न बघता विचारलं, त्या खोलीला खिडकी आहे का.

त्याच्या हातातली दोरी सुटली. खाली वाकून त्याने ती उचलली. मग म्हणाला, "आहे. पण लहान आहे."

म्हटलं, मोठी करून घे.